चौकटीत किती मिलिमीटर मावतात?

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातून एका विज्ञान शिक्षिकेचं पत्र आलं आहे. चार पानी आहे, म्हणून कामाचा भाग तेवढा देतो.

"भावानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना निकॉन डी९० माझ्या हवाली केला. सोबत १८-१०५ ची लेन्स आहे. काटोलकडे सासऱ्यांची संत्र्याची बाग आहे. शनिवारी आम्ही जातो, रविवारी संध्याकाळी परततो. तिथे पानांवर जे जे बसतं त्याचे फोटो काढायचा नाद लागलाय. लिंबू फुलपाखराची अंडी, अळ्या, ढालकिडे आणि मुख्य म्हणजे सिट्रस सायला, कारण सासरे उठता-बसता त्याच्या नावानं बोटं मोडतात. वर्गात मुलांना हे सगळं मोठं करून दाखवायचं आहे. पण कितीही जवळ गेलं तरी सायला म्हणजे एक तपकिरी ठिपका. बर्डीतला एक दुकानदार म्हणाला, 'मॅडम, हा कॅमेरा आता शोकेसमध्ये ठेवा आणि नवा घ्या.' भाचा म्हणतो, मोबाईलला चिमट्याची लेन्स लाव, झालं काम. माझ्याकडे पंधरा हजार आहेत, वर एक रुपया नाही. कोणती मॅक्रो लेन्स घेऊ?"

ताई, नमस्कार.

नाव सांगतोच, पण आधी थोडा गृहपाठ देतो. शिक्षिकेला गृहपाठ द्यायची संधी पुन्हा कधी मिळणार! शाळेची साधी पट्टी टेबलावर ठेवा. १८-१०५ पूर्ण ताणून १०५ वर न्या आणि फोकस होतोय तोवर जवळ जात राहा. फोकस सुटायच्या ऐन सीमेवर पट्टीचा आडवा फोटो काढा. फोटोत साधारण बारा सेंटिमीटर पट्टी दिसेल. तुमच्या डी९० चा सेन्सर २३.६ मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे बारा सेंटिमीटरचं दृश्य ही लेन्स चोवीसेक मिलिमीटरात बसवते, पाचास एक. खरी मॅक्रो लेन्स एकास एकपर्यंत जाते. पट्टीवरचे २३.६ मिलिमीटरच चौकटीत मावतात, बाकी पट्टी चौकटीबाहेर.

आता सायला बघा. प्रौढ कीड तीन ते चार मिलिमीटर, शेपूट वर करून तिरकी बसलेली. डी९० चा फोटो ४२८८ पिक्सेल रुंद असतो, म्हणजे सेन्सरच्या दर मिलिमीटरला सुमारे १८० पिक्सेल. तीन मिलिमीटरची सायला तुमच्या आत्ताच्या लेन्सनं जेमतेम ११० पिक्सेलात येते, तोच तो तपकिरी ठिपका. एकास एकवर तीच सायला साडेपाचशे पिक्सेलांची होते. पाय दिसतात, डोळा दिसतो, पंखावरचे डाग दिसतात. दोन्ही वेळा कॅमेरा तोच. दुकानदाराला म्हणावं, शोकेसची जागा सध्या दुसऱ्या कुणाला दे.

डी९० २००८ साली आला. १२.३ मेगापिक्सेल आज ऐकायला गरीब वाटतात, पण ४२८८ पिक्सेल म्हणजे इंचाला तीनशेच्या हिशेबानं चौदा इंच रुंद छपाई. वर्गातल्या तक्त्याला ती पुरून उरते, प्रोजेक्टरला तर इतकेही लागत नाहीत. रात्रीच्या लग्नात वा अंधाऱ्या सभागृहात या कॅमेऱ्याचं वय दिसतं हे खरं. मॅक्रोमध्ये मात्र आपण आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, २०० वर ठेवून फ्लॅश लावून काम करणार, आणि तिथे त्याला नवं-जुनं काही कळत नाही.

भाच्याची बाजूही ऐकून घेऊ, कारण तो अगदीच चुकीचं बोलत नाही. चार-पाच सेंटिमीटरची हिरवी अळी मोबाईलवर झकास येते. कोवळ्या पानावरची नागअळीची चंदेरी नागमोडी वाटही येते. सासऱ्यांना कृषी सहायकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पान दाखवायचं असेल तर मोबाईलच बरा. पण चिमट्याची लेन्स लावली की किडा काचेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर येतो. तितक्यावर मोबाईलची सावली पानावर पडते आणि सायला टुणकन उडी मारून निघून जाते. अंडी उडत नाहीत, म्हणून भाच्याचे नमुने बहुधा अंड्यांचेच असतील. त्याला विचारून पाहा.

म्हणूनच लेन्स निवडताना मी धारेच्या आधी अंतर पाहतो. जवळपास सगळ्याच मॅक्रो लेन्स धारदार असतात, अगदी वीस-वीस वर्षं जुन्यासुद्धा. एकास एकवर असताना लेन्सच्या पुढच्या काचेपासून किडा किती लांब राहतो यावरच त्या वेगळ्या पडतात. निकॉनची डीएक्स ४० मिमी मायक्रो ही २०११ ची सुबक, हलकी लेन्स आहे. स्वस्तात मॅक्रो म्हटलं की हिचंच नाव हमखास सुचवलं जातं. हिच्यासमोर उरतात साडेतीन सेंटिमीटर. नाणी, बिया, दागिने यांना उत्तम. संत्र्याच्या झाडात, काटे आणि फांद्यांच्या गर्दीत, साडेतीन सेंटिमीटरवर लेन्स नेली तर किड्याआधी पानच हलतं. तुमच्यासाठी मी ती बाजूला ठेवतो.

(निकॉन आपल्या या लेन्सना 'मॅक्रो' न म्हणता 'मायक्रो' म्हणतं. १९५६ मध्ये पहिली मायक्रो-निक्कोर आली ती बारीक जपानी अक्षरांची कागदपत्रं मायक्रोफिल्मवर उतरवण्यासाठी, तेव्हापासूनचं हे नाव. जुन्या मालाच्या जाहिराती शोधताना दोन्ही शब्द टाका, नाहीतर अर्धा बाजार दिसणारच नाही.)

आता तुमच्या कॅमेऱ्याच्या अंगात असलेला एक गुण. लेन्सचं कडं आहे तिथे आत, खालच्या बाजूला, पेचकसाच्या टोकासारखं एक छोटं टोक दिसेल. ती फोकसची मोटर. जुन्या निकॉन लेन्समध्ये स्वतःची मोटर नसायची, कॅमेराच त्या फिरवायचा. २००६ च्या डी४० पासून निकॉननं आपल्या स्वस्त कॅमेऱ्यांतून ही मोटर काढून टाकली. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांना निकॉनचा अडॅप्टर लावला तरी अशा लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. त्यामुळे बिनमोटरच्या चांगल्या लेन्सना गिऱ्हाईक कमी आणि भाव नरम. ज्याला नवा कॅमेरा आहे त्याला त्या नको असतात, तुम्हाला मात्र पूर्ण चालतात. शोकेसमध्ये ठेवायच्या कॅमेऱ्याचा हा फायदा दुकानदारानं सांगितला नसणार.

तर पहिली पसंती: टॅमरॉन ९० मिमी एफ/२.८, मॉडेल २७२ई, वापरलेली, बिनमोटरची. ही एकास एकपर्यंत जाते आणि तेव्हा समोर दहाएक सेंटिमीटर मोकळे राहतात. पुढची काच नळकांड्यात इतकी आत बसवलेली आहे की वेगळ्या हूडची फारशी गरज नाही. याच लेन्सची २७२ई एनटू नावाची मोटरवाली आवृत्तीही आहे. तुम्हाला तिचे जास्त पैसे द्यायचं काही कारण नाही. बिनमोटरची ओळखायची कशी? तिच्या अंगावर अ‍ॅपर्चरचे, म्हणजे लेन्समधल्या उजेडाच्या भोकाचे, आकडे लिहिलेलं कडं असतं. आकडा मोठा तितकं भोक बारीक. डी९० वर लावलं की ते कडं सगळ्यात मोठ्या आकड्यावर, ३२ वर, नेऊन खटक्यानं बंद करायचं. विसरलात तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'एफईई' अशी अक्षरं लुकलुकतात आणि शटर दबत नाही. पहिल्या दिवशी तुमचं असं होणार, तेव्हा लेन्स बिघडली समजून परत करायला धावू नका.

ती मिळालीच नाही तर निकॉनची ६० मिमी एफ/२.८ डी. लोखंडासारखी टणक लेन्स. पण तिच्यापुढे सातच सेंटिमीटर उरतात. पानं, फुलं, अंडी, कोष यांना ठीक. सायलासाठी मात्र तुम्हाला श्वास रोखूनच जावं लागेल. टोकिना १०० मिमी एफ/२.८ सुद्धा डी९० च्या मोटरवर चालते. ठाकठीक भावात समोर आली तर नाही म्हणू नका. निकॉनची २००६ ची १०५ मिमी व्हीआर मायक्रो ही या सगळ्यांची मोठी बहीण, पण तुमच्या पंधरा हजारांत ती फक्त बघायला मिळेल. आणि एकास एकवर तिच्या त्या व्हीआरचा, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या सोयीचा, उपयोग फारसा उरत नाही, हेही त्यात आलं.

एक सापळा सांगून ठेवतो. ७०-३०० सारख्या झूम लेन्सवरही 'मॅक्रो' लिहिलेलं असतं. टॅमरॉनची ७०-३०० डीआय एलडी मॅक्रो घ्या: १८० ते ३०० च्या दरम्यान मॅक्रोचा खटका टाकला की ती दोनास एकपर्यंत जाते, चौकटीत ४७ मिलिमीटर. सायलाला ते अपुरं. पण हे सगळं ती ९५ सेंटिमीटरवरून करते! तुम्ही अंबाझरीच्या काठावर नाहीतर सेमिनरी हिल्सवर फुलपाखरं आणि चतुर टिपत असता, तर मी हे पत्र इथेच संपवून हीच लेन्स सांगितली असती. तिची रंगकिनार ३०० वर जरा त्रास देते, तरी मीटरभर लांबून फुलपाखरू उडत नाही हे सुख मोठं.

हातानं फोकस करायच्या जुन्या मायक्रो-निक्कोर ५५ मिमीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण शोधताना ती पदोपदी भेटेल आणि भावामुळे मोह होईल. लेन्स फारच सुंदर आहे. तरी तुम्ही ती घेऊ नये. एक, ती एकटी दोनास एकवरच थांबते, पुढे जायला मागे आणखी एक नळी लावावी लागते. दोन, अशा बिनचिपच्या लेन्सवर डी९० प्रकाश मोजत नाही, सगळं अंदाजानं. तीन, माझा स्वतःचा अनुभव. माझ्याकडे ५५ मिमी एफ/२.८ होती. एका मे महिन्यात ती गाडीच्या डिकीत दोन दिवस राहिली. मेमधलं नागपूर तुम्हाला मी काय सांगू, त्यात बंद गाडीची डिकी! आतलं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरलं. पाती चिकटली, वेळेवर मिटेनात, आणि प्रत्येक फोटो दुधासारखा पांढरा. मी दोन रविवार कॅमेऱ्याला शिव्या देत बसलो. या लेन्सला हा आजार होतो हे नंतर कळलं, आणि उन्हानं तो लवकर आणला. तुमची कोणतीही लेन्स उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका. बागेत जाताना ओल्या फडक्यात पाण्याची बाटली गुंडाळता ना, तसं काही करा असं म्हणत नाही, पिशवी सावलीत राहिली तरी पुरे.

आता पैशांचं. वापरलेली लेन्स म्हणजे भाजी नव्हे, की गुरुवारी हवी म्हणून गुरुवारी मिळाली. चांगली टॅमरॉन तुमच्या बजेटच्या आसपास मिळू शकते, पण कधी मिळेल हे कुणी सांगू शकत नाही. इकडे आंबिया बहारासाठी पाणी बंद ठेवून दिलेला ताण तोडला की नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटणार, आणि कोवळ्या नवतीवरच सायला अंडी घालते. तो हंगाम हातचा जायला नको. तेव्हा ताण तुटायच्या आत मनासारखी टॅमरॉन मिळाली नाही, तर रेनॉक्स डीसीआर-२५० घ्या. ही लेन्स नव्हे, लेन्सच्या तोंडावर चिमट्यानं बसणारं आठ डायॉप्टरचं, म्हणजे चष्म्याच्या भाषेत आठ नंबरचं, भिंग आहे. चिमटा ५२ ते ६७ मिलिमीटरच्या तोंडावर बसतो आणि तुमच्या १८-१०५ चं तोंड बरोबर ६७ आहे. लेन्स १०५ वर ठेवली आणि फोकस अनंतावर असला तरी चौकटीत साधारण २८ मिलिमीटर मावतात, जवळचा फोकस केला की आणखी कमी. किड्यापासून अंतर बारा सेंटिमीटर किंवा थोडं कमी. ऑटोफोकस चालू, प्रकाशमापन चालू, उजेडात घट नाही. १८ कडे झूम मागे आणलात तर चारही कोपरे काळे होतात, म्हणून १०५ सोडायचं नाही. तीन मिलिमीटरची सायला यात साडेचारशे पिक्सेलांच्या पुढे जाते. लेन्स न बदलता, ताई!

मग टॅमरॉन हवीच कशाला, असा प्रश्न वर्गातल्या मागच्या बाकावरून येईल. रेनॉक्स लावलं की फोकस फक्त त्या बारा सेंटिमीटरच्या आसपासच्या एका पट्ट्यात होतो. अख्खी फांदी, मग पान, मग अळी, मग अळीचं तोंड असं सलग जाता येत नाही, दर वेळी भिंग काढा-घाला. मधमाशी फुलावर असेपर्यंत तुमचा चिमटाच चालू असतो. कडाही टॅमरॉनइतक्या स्वच्छ येत नाहीत. पण हा खर्च वाया जात नाही. पुढे टॅमरॉन आली की हेच भिंग तिच्या ५५ च्या तोंडावर बसतं आणि ती एकास एकच्या बरीच पुढे जाते. सायलाची पिवळी अंडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी असतात. एकास एकवर ती पन्नास-साठ पिक्सेलांपलीकडे जात नाहीत. त्यांच्यासाठी ही जोडीच लागेल.

लेन्सच्या तोंडावर लावायच्या चार भिंग-फिल्टरांचा जो स्वस्त संच मिळतो, एक, दोन, चार आणि दहा नंबरचा, तो घेऊ नका. एकेरी काच असते, कडेला जांभळी-हिरवी किनार येते. मी तो कॉलेजात असताना घेतला होता आणि सगळे एकावर एक चढवून जास्वंदाचा फोटो काढला होता. फोटोला पाहून आईनं विचारलं, हे शिजवलंस का?

काही शे रुपयांच्या विजेचे जोड नसलेल्या, कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या एक्स्टेन्शन नळ्याही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. तत्त्व सरळ आहे: नळीची लांबी भागिले लेन्सचा मिलिमीटरचा आकडा, तितकं मोठेपण वाढतं. ५० मिमीच्या लेन्समागे ३६ मिलिमीटरची नळी लावली की पाऊण पट जवळपास मिळतोच. पण तुमच्याकडे ५० मिमी नाही, आणि १८-१०५ ला अ‍ॅपर्चरचं कडं नाही. अशा नळीवर ती सगळ्यात बारीक अ‍ॅपर्चरवर मिटून बसते, डोळा लावला की आत काळोख. स्वस्तातला गळफास.

लेन्स पाहायला गेल्यावर काय बघायचं ते सांगतो, कारण वापरलेल्या मालात पैसे तिथेच बुडतात. पुढचं-मागचं झाकण काढा, अ‍ॅपर्चरचं कडं सगळ्यात लहान आकड्यावर न्या आणि एका बाजूनं मोबाईलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. धुळीचे चार कण असतात, त्यांना घाबरू नका. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कपाटात कातडी केसमध्ये ठेवलेल्या लेन्सना ती हटकून धरते. "साफ करून देतो" म्हणाले तरी खाली ठेवा आणि चहा पिऊन घरी या. मग कडं फिरवत पाती बघा: कोरडी हवीत, तेलाची चकाकी नको. नंतर कडं ३२ वर बंद करून कॅमेऱ्यावर लावा, एफ/२.८ ला आणि एफ/१६ ला एकेक फोटो काढा, कॅमेऱ्याला उजेड त्याचा त्याला जुळवू द्या. दोन्ही फोटो सारखेच उजळ यायला हवेत. एफ/१६ चा पांढरा पडला तर माझ्या डिकीतल्या लेन्सचीच ही बहीण. ऑटोफोकस जवळून लांब, लांबून जवळ असा चार वेळा पळवा. तो घरघरणार आणि सावकाश पळणार, या लेन्सचा स्वभावच तो. अडखळला किंवा मध्येच थांबला तर मात्र नको.

घेतल्यावर ऑटोफोकसला एकास एकच्या कामात सुट्टी द्या. कॅमेऱ्यावर लेन्सच्या शेजारी खटका आहे तो एम वर करा, फोकस हातानं पाहिजे तितक्या जवळ आणून सोडून द्या आणि स्वतः पुढे-मागे डुला. सायला स्पष्ट झाली की दाबा. हसू येईल, पण सगळे असंच करतात. कारण एकास एकवर, एफ/११ ला, स्पष्ट दिसणारा थर मिलिमीटरभरसुद्धा जाडीचा नसतो. म्हणून कॅमेरा किड्याच्या अंगाला समांतर धरायचा, म्हणजे तेवढ्या थरात डोक्यापासून शेपटापर्यंत सगळं मावतं. सायला तिरकी बसते, तर तुम्हीही तिरकं व्हा. डावा हात लेन्सखाली आणि त्याच हाताच्या दोन बोटांत डहाळी: मग वाऱ्यानं पान हललं तर लेन्सही सोबतच हलते. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, सगळंच मऊ पडायला लागतं. एकास एकवर असताना एफ/११ म्हणजे प्रत्यक्षात एफ/२२ इतकं बारीक झालेलं असतं.

उजेडासाठी कॅमेऱ्याचाच फ्लॅश उघडा. मॅन्युअल मोड, शटर १/२००, एफ/११, आयएसओ २००. फ्लॅशची चमक इतकी क्षणिक असते की हात आणि वारा दोन्ही गोठतात. अडचण अशी की लांबलेल्या टॅमरॉनची सावली थेट किड्यावर पडते. बर्डीत किंवा महाल भागात स्टेशनरीच्या दुकानातून ट्रेसिंग पेपर आणा, वहीच्या पुठ्ठ्याएवढा तुकडा कापा, मधोमध लेन्सच्या जाडीचं भोक पाडा आणि लेन्सच्या पुढच्या टोकाला असा चढवा की कागदाचा वरचा भाग फ्लॅशसमोर उभा राहील. फ्लॅशचा उजेड त्या कागदावर पसरून खाली उतरतो. ढालकिड्याच्या पाठीवर जो टोचणारा पांढरा ठिपका यायचा तो मऊ होतो. कागद फाटतो, म्हणून चार कापून ठेवा. विद्यार्थ्यांकडून कापून घ्या, हस्तकलेचे गुण द्या.

हिवाळ्यात सकाळी लवकर बागेत जा. गारठ्यानं किडे मंद असतात, दव असतं, वारा पडलेला असतो. लिंबू फुलपाखराच्या लहान अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, काळ्या-पांढऱ्या, म्हणून बरेच लोक त्यांच्यावरून नजर पुढे नेतात. मोठी झाली की हिरवी. तिला जरा डिवचलं की डोक्यामागून नारिंगी-लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते, ते एक-दोन सेकंदच. मुलांना हा फोटो आवडेल, पण त्यासाठी अळीला दहादा छळू नका. आणि फवारणी कधी झाली ते सासऱ्यांना विचारल्याशिवाय झाडात शिरू नका. मॅक्रो काढताना तुमचं नाक पानापासून वीतभरच लांब असतं, हे कास्तकाराच्या लक्षात नसतं आणि फोटोवाल्याच्या तर मुळीच नसतं.

लेन्स आणि भिंग घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पावसाळ्यात पुड्या महिन्याला बदला. कॅमेऱ्याची बॅटरी भावाच्या काळातली असेल तर तीही एकदा पूर्ण चार्ज करून किती फोटो चालते ते पाहून ठेवा. फ्लॅशनं ती भराभर उतरते आणि बागेत प्लग नाही.

दुकानात जाल तेव्हा पिशवीत कॅमेरा, ती शाळेची पट्टी आणि संत्र्याचं एक किडकं पान टाका. कुणी कोणतीही लेन्स 'मॅक्रो आहे मॅडम' म्हणून पुढे केली, तर काही न बोलता काउंटरवर पट्टी ठेवा आणि जवळात जवळ जाऊन फोटो काढा. चौकटीत चोवीसच्या आत मिलिमीटर दिसले तर मग पान काढा.